कापडाचे प्रश्न: अँटीमायक्रोबियल चादरी, वासाची जर्सी आणि आजोबांचं जाळं

यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं "अँटीमायक्रोबियल" लिहिलेल्या कपड्यांबद्दल आणि पावसातल्या बुरशीबद्दल आलीत, त्यामुळे रंग जाण्याचे आणि कपडा आटण्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणी रागावू नका.

प्रश्न: नमस्कार दादा. मांद्र्याला आमचा छोटा होमस्टे आहे. परवा एक सेल्समन आलेला, त्याच्याकडच्या चादरी अँटीमायक्रोबियल आहेत म्हणे, 99.9 टक्के जंतू मरतात, 50 धुण्यांपर्यंत टिकतं, ढेकूणसुद्धा होत नाहीत. दर मात्र आमच्या नेहमीच्या चादरीच्या जवळजवळ दीडपट. हल्ली पाहुणे स्वच्छतेबद्दल फार विचारतात म्हणून घ्याव्याशा वाटतायत, पण घरात मतं दोन आहेत. काय करू? (एक वाचक ताई, मांद्रे)

उत्तर: ताई, आधी ढेकणांचं सांगतो कारण तिथे तुम्हाला सरळ खोटं सांगितलं गेलंय. हे फिनिश, म्हणजे कापडावर शेवटी चढवलेलं जंतू मारणारं रसायन, बॅक्टेरियासाठी असतं, काही वेळा बुरशीसाठी. ढेकूण हा किडा, त्याला अशा रसायनाने काहीही होत नाही. तो गादीच्या शिवणीत, कॉटच्या फटीत राहतो, आणि चादरीवर आलेला असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुऊन कडक वाळवली की मरतो, साधी चादर असली तरी मरतो.

आता फिनिशचं. चादर विणून, ब्लीच होऊन, रंगून झाली की शेवटी केमिकलच्या टबातून काढतात, रोलरमध्ये दाबून पिळतात, मग स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनवर वाळवतात आणि 150 अंशांच्या आसपास तापवून पक्कं करतात. मी इचलकरंजीला प्रोसेसमध्ये असताना सॉफ्टनर आणि हे फिनिश एकाच टबात जाताना बघितलंय. म्हणजे यात गूढ काही नाही, कापडावर चढवलेला एक पातळ थर आहे आणि प्रश्न एवढाच की तो थर काय करतो आणि किती दिवस राहतो. ढोबळ दोन जाती. एक, ज्यातून औषध हळूहळू सुटतं, चांदी त्यातलीच, तिचे आयन ओलाव्यात सुटून जंतूंच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचं काम बंद पाडतात, पण सुटत सुटत साठा संपतो. दुसरी, जी धाग्याला घट्ट बांधलेली असते, सिलेनवाली क्वाटर्नरी अमोनियम संयुगं, त्यांच्यावरच्या धन भारामुळे जंतूचं बाहेरचं आवरण फाटतं, पण त्यासाठी जंतू थेट धाग्याला टेकायला हवा, आणि चादरीवर अंगातलं तेल, क्रीम, सनस्क्रीन यांचा थर बसला की टेकणार कसा? तुमच्या पाहुण्यांच्या चादरींवर सनस्क्रीन किती असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

99.9 टक्के हा आकडा कुठून येतो तेही बघा. एएटीसीसी 100 किंवा आयएसओ 20743 नावाच्या टेस्ट असतात, त्यात कापडाच्या तुकड्यावर ठरावीक जंतू टाकतात, ओल आणि 37 अंशांची ऊब देतात आणि 18 ते 24 तासांनी किती उरले ते मोजतात. चोवीस तास! तुमचा पाहुणा आठ तास झोपतो आणि अकराला चेकआउट करतो. दुसरं म्हणजे 1 लाख जंतूंतले 99 टक्के गेले तरी 1000 उरतात, आणि ओल नि ऊब मिळून ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले तर साडेतीन तासांत परत लाखावर जातात. 99.9 टक्के गेले तर 100 उरतात, म्हणजे पुढची दीड-दोन तासांची सवलत. चादर कोरडी असली तर मात्र ते मुळात वाढतच नाहीत, फिनिश असो वा नसो.

तरी घ्यायच्याच असतील तर सेल्समनला चार गोष्टी कागदावर मागा: टेस्टचं नाव, कुठले जंतू, धुण्याआधीचा आकडा आणि 50 धुण्यांनंतरचा आकडा, आणि ती धुणी कुठल्या तापमानाला, कसल्या पावडरने केली. लॅबमधलं धुणं बहुतेक वेळा 40 अंशांचं, सौम्य पावडरचं असतं, तुमच्या लाँड्रीत गरम पाणी आणि क्लोरीन ब्लीच असेल तर तो 50 चा आकडा तुम्हाला लागू नाही. चांदीच्या काही फिनिशवर क्लोरीन ब्लीच पडलं की पांढरी चादर पिवळट किंवा करडीही पडते. आणि नुसतं "लॅब टेस्टेड" लिहिलेलं असेल आणि टेस्टचं नावच नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

अमेरिकेत ईपीएचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा नियम आहे की अशा कापडाबद्दल "कापडाला वास येणार नाही, कापड खराब होणार नाही" एवढंच म्हणता येतं, "तुम्हाला आजारापासून वाचवेल" असं म्हणायचं तर त्यासाठी वेगळी नोंदणी आणि पुरावा लागतो. युरोपात 528/2012 नंबरचा बायोसाइडचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या रसायनांचा नियम आहे, त्यात असा दावा केला की लेबलवर आतलं रसायन कुठलं ते लिहावं लागतं, आणि ते नॅनो, म्हणजे अतिशय बारीक कणांचं असेल तर तसं लिहावं लागतं. मला ही दोन्ही बंधनं फार योग्य वाटतात, कारण फिनिश कापडाला वाचवतं, माणसाला वाचवण्याचं काम त्याने कधी सिद्ध केलेलं नसतं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत धुण्याचं पाणी सोकपिटात, म्हणजे शोषखड्ड्यात जातं आणि त्याच आवारात विहीर असते. 2008 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी नॅनो चांदीचे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन ते पाणी तपासलं, तर काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी मोजक्याच धुण्यांत निघून गेली होती. चांदी पाण्यातल्या बारीक जिवांना विषारी असते. ती तुमच्या चादरीतून निघून जाते म्हणजे जमिनीत आणि ओहोळातच जाते ना.

त्यामुळे माझं मत स्पष्ट, नका घेऊ. तेच पैसे घालून साध्या जाड सुती चादरींचे जास्तीचे सेट घ्या, म्हणजे जुलैत अर्धवट वाळलेली चादर नाइलाजाने घालायची वेळ येणार नाही, आणि जमलं तर दोन-तीन होमस्टेवाल्यांनी मिळून एक ड्रायर घ्या. पाहुण्याने विचारलं तर सांगा, प्रत्येक पाहुण्यानंतर 60 अंशांत धुतो आणि पूर्ण वाळवतो. हे खरं असेल आणि त्याला पुरेसंही असेल.

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा, फुटबॉल खेळतो, पावसातसुद्धा प्रॅक्टिस चुकवत नाही. जर्सीचा वास जातच नाही. धुतली की वास गेला असं वाटतं, घालून दहा मिनिटं पळाला की परत तोच. आता "ओडर कंट्रोल" लिहिलेली महाग जर्सी हवी म्हणतो. कॉटनच्या बनियनला असा वास येत नाही तो जर्सीलाच का? (वाचक, मडगाव)

उत्तर: घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, कातडीवरचे बॅक्टेरिया त्या घामातले पदार्थ खाऊन वास तयार करतात, काखेत तर खास. पण कापडाचाही हात असतो यात. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, नेहमीच्या हवेत कॉटन आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतं तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मात्र तेल त्याला आवडतं. अंगातलं तेल आणि वासाचे तेलकट पदार्थ धाग्याला धरून बसतात, थंड पाण्यात साबण लावून ते निघत नाहीत, आणि अंग तापलं की परत सुटतात, म्हणून तुम्हाला दहा मिनिटांनी वास येतो. बेल्जियमच्या गेंट युनिव्हर्सिटीने 2014 मध्ये व्यायामानंतरचे टीशर्ट तपासले होते, पॉलिस्टरचे कॉटनपेक्षा जास्त घाण वासाचे निघाले आणि मायक्रोकोकस नावाचे जंतू पॉलिस्टरवरच जोमाने वाढलेले.

ओडर कंट्रोल जर्सी अगदीच खोटी नसते, सुरुवातीला फरक पडतो. पण लॅबमध्ये जेवढा फरक दिसतो तेवढा अंगावर दिसत नाही, कारण लॅबमध्ये रोज रोज घाम आणि मैदानातला चिखल नसतो, आणि पोरगं वर्षभरात वाढून ती जर्सी छोटी होणार हेही धरा. त्याऐवजी असं करा. मैदानावरून आला की जर्सी बॅगेत पडू देऊ नका, लगेच पाण्यातून काढून पसरून ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. धुताना उलटी करा. आठवड्यातून एकदा कोमट-गरम, म्हणजे 40 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, सोडियम परकार्बोनेटची पावडर मिळते, ती घालून तासभर भिजवा मग नेहमीसारखी धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद, त्याचा थर बसून जर्सी घाम शोषायची बंद होते आणि वास आत कोंडतो. काही जण व्हिनेगर घालतात, चालतं, पण व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच कधी म्हणजे कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न: आमचे आजोबा रांपणकार होते, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे. मला लहानपणी बघितलेलं आठवतंय, मोठ्या हंड्यात झाडाची साल उकळून त्या लाल-तपकिरी पाण्यात जाळं बुडवायचे, मग वाळूवर वाळत घालायचे. विचारलं की म्हणायचे जाळं कुजू नये म्हणून. तुमच्या मागच्या अंकातल्या लेखात अँटीमायक्रोबियल फिनिशचा उल्लेख वाचला आणि मनात आलं, ते हेच का? (वाचक, केरी, पेडणे)

उत्तर: हेच, भाऊ, अगदी हेच, आणि तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आधी याचं उत्तर लिहिलं.

जुनी जाळी सुताची किंवा तागाची असायची. सूत म्हणजे सेल्युलोज, आणि बुरशी नि बॅक्टेरिया सेल्युलेज नावाचं एन्झाइम सोडून ते सेल्युलोज कापतात, साखर करून खातात. खारं पाणी, माशांची चिकट घाण, वरून ऊन-पाऊस, अशा ठिकाणी नुसतं सुती जाळं फार थोडे दिवस टिकायचं. सालीत टॅनिन असतं. टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटतं, एन्झाइम हेही प्रथिनच, त्यामुळे जंतूंचं ते कापायचं हत्यारच निकामी होतं. चामडं कमावताना जे टॅनिन लागतं तेच हे. फक्त ते पाण्यात हळूहळू धुऊन जायचं म्हणून परत परत उकळावं लागायचं, म्हणजे ते सुटत जाणारं फिनिश होतं, वर मांद्र्याच्या ताईंना सांगितलं तसलंच. पुढे ते टिकावं म्हणून काताच्या पाण्यानंतर मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या पाण्यातून जाळं काढायची पद्धत आली, तांबं टॅनिनला पक्कं बांधतं आणि स्वतःही बुरशी मारतं. मोरचूद म्हटल्यावर आपल्या कुळागरवाल्यांना, म्हणजे सुपारीच्या बागा असणाऱ्यांना लगेच कळेल, पावसाच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी जे बोर्डो मिश्रण मारतात त्यात तेच मोरचूद असतं, चुन्याबरोबर. झाड असो की जाळं, तांब्याचं काम एकच.

इंग्लंडमधल्या गिरण्यांनाही हेच कोडं पडलेलं. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरमधून आपल्याकडे आणि चीनला जे कोरं कापड यायचं त्याला वजन वाढवायला पीठ आणि चिनी मातीची भरपूर खळ लावलेली असायची, बोटीत दमट हवेत त्या पिठावर बुरशी यायची आणि गठ्ठेच्या गठ्ठे खराब, म्हणून मग खळीत झिंक क्लोराईड घालायला लागले.

आणि दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट तर मी कुणालाही सांगतो. पॅसिफिकमध्ये सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू पावसाळी हवेत कुजून फाटायला लागले. शास्त्रज्ञांनी कुजलेल्या कापडावरची बुरशी वेगळी काढली, तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसाय नाव मिळालं, तिच्यावर काम केलेल्या एल्विन रीस यांच्यावरून. ती बुरशी सेल्युलोज इतकं जबरदस्त कापते की नंतर लोकांनी उलटा विचार केला, हिला मारण्याऐवजी हिचं एन्झाइमच वापरू. आज जीन्सला जो मऊ, वापरल्यासारखा लुक देतात, बायोवॉश म्हणतात, त्यात तिचं सेल्युलेज वापरलं जातं. तंबू खाणारी बुरशी आता कपड्याच्या धंद्यात कामाला आहे.

नायलॉन आलं आणि जाळ्याचा हा सगळा उद्योग संपला, जंतूंना नायलॉन खाता येत नाही म्हणून. मात्र म्हणूनच तुटलेलं नायलॉनचं जाळं समुद्रात वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं आणि मासे, कासवं त्यात अडकत राहतात. तुमच्या घरात आजोबांच्या वेळचं सुती जाळं किंवा तो हंडा अजून असेल तर टाकू नका. आणि कुठल्या झाडाची साल, किती वेळ उकळायची, वर्षातून कितीदा, हे सांगणारं कुणी म्हातारं माणूस गावात असेल तर बसून लिहून घ्या आणि मला पाठवा, मी याच पानावर छापीन.

प्रश्न: मिस्टर वेर्ण्याला कंपनीत आहेत, दिवसभर जाड युनिफॉर्म. जांघेत गजकर्ण झालं, आता मलाही झालंय आणि सासूबाईंच्या कमरेला पण दिसतंय. मेडिकलमधून ट्यूब आणली, आठ दिवसांत गेलं आणि परत दुप्पट आलं. ऑनलाइन चांदीच्या धाग्याची अँटीमायक्रोबियल अंडरवेअर मिळते, त्याने बरं होईल का? (वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर: नाही होणार ताई. आधी तिघं मिळून कातडीच्या डॉक्टरकडे जा, एकट्याने जाऊन उपयोग नाही, कारण एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून परत येतं. मेडिकलमधल्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं, स्टेरॉइडने खाज आणि लाली लगेच जाते म्हणून बरं वाटतं, पण कातडीची लढण्याची ताकद कमी होऊन बुरशी आत पसरते. तुमचं "गेलं आणि दुप्पट आलं" हे ऐकून मला तरी तेच वाटतं, पण ठरवायचं डॉक्टरने. आपल्या देशात हल्ली जे चिवट गजकर्ण पसरलंय त्यातल्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, नेहमीच्या गोळीलाही ती बऱ्याचदा दाद देत नाही, त्यामुळे घरी प्रयोग नकोत आणि औषध डॉक्टर सांगेल तितके दिवस पूर्ण घ्या, खाज थांबली म्हणून सोडू नका.

अंडरवेअरबद्दल एवढंच, त्यावर जे 99 टक्के लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस आणि क्लेबसिएला या बॅक्टेरियांवर केलेल्या टेस्टचं असतं. गजकर्ण ही बुरशी. बॅक्टेरियाच्या टेस्टवरून बुरशीचं काही कळत नाही.

कपड्यांचं काम माझ्याकडे. तिघांचे आतले कपडे, टॉवेल, चादर बाकीच्यांपासून वेगळे धुवा, 60 अंशांच्या गरम पाण्यात, थंड पाण्याच्या धुण्यात ही बुरशी जिवंत राहते आणि एकाच्या कपड्यावरून दुसऱ्याच्या कपड्यावर जाते. मशीनमध्ये गरम पाणी नसेल तर बादलीत चांगलं गरम पाणी घालून भिजवा. उलटे करून उन्हात वाळवा, ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली, आणि घालण्याआधी आतून इस्त्री, कमरपट्टी आणि शिवणींवरून दोनदा फिरवा, बुरशीचे बीजाणू शिवणीत लपतात. टॉवेल प्रत्येकाचा स्वतंत्र. मिस्टरांना युनिफॉर्मच्या आत सैल सुती कपडा घालू दे, आणि शिफ्टवरून आल्यावर तोच युनिफॉर्म खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी परत, असं नको.

प्रश्न: माझ्याकडे आईच्या सुती साड्या आणि लग्नातल्या दोन रेशमी आहेत. दर पावसात बुरा येतो, काळे ठिपके पडतात. कडुलिंबाचा पाला, कापूर, सगळं करून झालं. आता बुरशी न येणारा स्प्रे मिळतो तो मारू का? (वाचक, वाळपई)

उत्तर: वाळपईला पाऊस गोव्यातही जास्त पडणाऱ्यांपैकी, त्यामुळे तुमची लढाई आमच्यापेक्षा अवघड आहे हे मान्य. स्प्रे रेशमावर मारू नका, डाग पडेल, आणि जरीला तर अजिबात लागू देऊ नका. कडुलिंबाच्या पाल्याने किडे थोडे लांब राहतील, बुरशीला त्याने काही होत नाही, आणि पाला नीट वाळलेला नसेल तर तुम्ही कपाटात ओल घालताय.

बुरशीला कपडा, थोडं खाणं आणि ओल लागते. कपडा काढता येत नाही, पण खाणं काढता येतं. तुमच्या आईच्या सुती साड्यांना कांजी केलेली आहे का? कांजी म्हणजे स्टार्च, बुरशीचं सगळ्यात आवडतं अन्न. मे महिन्यात सगळ्या सुती साड्या धुऊन कांजी पूर्ण काढा, कडक वाळवा आणि बिनकांजीच्या ठेवा, चवथीला नेसायच्या तेव्हा परत करा. एकदा नेसलेली साडी, मग ती तासभरच नेसलेली का असेना, घामासकट आत ठेवू नका.

आणि ओल. बुरशी 70 टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली की जोर धरते, आपल्याकडे जुलैत बाहेर 90 असते. पण हवा नुसती थोडी तापवली तरी आर्द्रता उतरते, 28 अंशांची 90 टक्केवाली हवा 32 अंशांवर गेली की साधारण 71 टक्क्यांवर येते. म्हणून जुनी माणसं कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायची ते शंभर टक्के बरोबर. मात्र एलईडीचा उपयोग नाही, त्याला ऊब नाही, जुन्या पद्धतीचा बारीक बल्ब लागतो, आणि तो कपड्यापासून लांब, जाळीच्या आत, वायरिंग चांगलं असेल तरच, नाहीतर आग लागेल. बल्ब नको असेल तर कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात, हवेतलं पाणी ओढून घेतात, बंद कपाटात चांगले चालतात, फक्त खाली साठणारं खारट पाणी साडीवर सांडू देऊ नका. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर हातभर पुढे ओढा, भिंत ओल देते. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका, सुती कापडात गुंडाळा. पावसात एखाद्या दिवशी ऊन पडलं की कपाट उघडं ठेवू नका असं मी सांगतो, लोक उलट करतात, पण बाहेरची हवा तेव्हाही ओलीच असते. साड्या बाहेर काढून उन्हात किंवा पंख्याखाली उलगडा आणि परत ठेवताना घडी बदला.

आत्ता जो बुरा आलाय तो घरात झटकू नका, तोंडाला रुमाल बांधून बाहेर ब्रशने काढा. सुती पांढऱ्यावरचे काळे ठिपके ऑक्सिजन ब्लीचच्या गरम पाण्यात भिजवून फिके होतात, सगळे जातीलच असं नाही, कारण काही ठिकाणी बुरशीने धाग्यात रंग सोडलेला असतो. रेशमी चांगल्या ड्रायक्लीनरकडे द्या आणि बुरशी आहे हे सांगून द्या.

प्रश्न: पावसात कपडे धुतले तरी कुबट वास येतो, शेवटच्या पाण्यात अँटीबॅक्टेरियल लिक्विड घालावं का? कापडी पॅड वापरते, त्यांनाही तोच त्रास. (वाचक भगिनी, डिचोली)

उत्तर: तो वास बऱ्याचदा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जंतूचा असतो, कपडा जितका जास्त वेळ ओला तितका वास जास्त. लिक्विडमध्ये बहुतेक वेळा बेंझाल्कोनियमसारखं धन भाराचं रसायन असतं, पावडर ऋण भाराची, एकत्र पडली तर एकमेकांना मारून टाकतात, म्हणून घालायचंच तर शेवटच्याच पाण्यात, पावडर पूर्ण निघाल्यावर. पण आधी हे करा: एका वेळी कमी कपडे, दोरीवर अंतर ठेवून, खाली टेबल फॅन. वारा हलता असला की ऊन नसतानाही लवकर वाळतं. पॅडवर मात्र असं लिक्विड नको, नाजूक जागेला जळजळ होते, आणि चांदीची फिनिश असलेले पॅड मुद्दाम शोधायचीही गरज नाही. थंड पाण्यात रक्त काढा, मग गरम पाणी आणि साबण, मग उघड्यावर वाळवा, टॉवेलखाली लपवून नाही. घरात कुणाला काय वाटेल म्हणून ओला पॅड वापरण्यापेक्षा सरळ घरच्यांशी बोला. आणि वाळला नसेल तर इस्त्री करून पूर्ण कोरडा झाल्यावरच घ्या.

प्रश्न: लेकीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. माझ्या मुलांची झबली, दुपटी मी डांबरगोळ्या घालून जपून ठेवलीत. बाळाला घालायला चालतील ना, की नवीन अँटीबॅक्टेरियल सेट घेऊ? (एक आजी, म्हापसा)

उत्तर: आजी, अँटीबॅक्टेरियल सेट नको, बाळाच्या कातडीला जितकी रसायनं कमी तितकं बरं. तुमची जुनी झबली उत्तम, खूप धुऊन मऊ झालेलं सूत बाळाला सगळ्यात चांगलं. पण डांबरगोळ्यांचं नीट ऐका. त्यातलं नॅप्थलीन कपड्यात मुरतं आणि वाफेने बाळाच्या अंगात जातं. काही बाळांच्या रक्तात जी6पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आपल्या देशात अशी बाळं आहेत आणि बघून कळत नाही, त्यांच्या लाल पेशी नॅप्थलीनने फुटतात, कावीळ वाढते आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून आजच गोळ्या काढून टाका, कपडे घराबाहेर मोकळ्या हवेत टांगा, दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुवा, दर वेळी उन्हात वाळवा, आणि तरी नाकाला थोडाही वास आला तर तो कपडा बाळाला घालू नका, दुपटं असेल तर पुसायला घ्या. बाळाची पेटी, पाळण्यातली गादी, पाहुणे आणतात ती जुनी गोधडी, यांनाही तोच नियम. आणि बाळ फिकट किंवा पिवळं दिसलं किंवा लघवी काळपट-लाल झाली तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला डांबरगोळ्यांचं आवर्जून सांगा.